एक केबीचा आवाज

पटत नसेल त्यानं इथंच थांबावं. मी शपथा घालणार नाही. आई शेजारी बसली होती, तेवढी साक्ष मला पुरते.

गेल्या वर्षीचा नोव्हेंबर. शनिवार, दुपारचे चार. राजारामपुरीतला माझा कॉम्प्युटर क्लास. मी मुलांना प्रोग्रामिंग शिकवतो.

माझी बहीण प्रीती तापानं गेली, त्याला दुसऱ्या दिवशी वर्ष होत होतं. घरी पुण्यानुमोदन होतं. आईचा एकच हट्ट... बुद्धवंदना प्रीतीच्याच आवाजात लावायची. प्रीतीनं ती माझ्या जुन्या लॅपटॉपवर रेकॉर्ड केली होती.

तो लॅपटॉप मी कागलच्या मामेभावाला देऊन टाकला होता. देण्याआधी रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर कॉपी केलं आणि स्वतःच्या हातानं लॅपटॉपमधलं सगळं पुसून टाकलं.

पेनड्राइव्ह लावला.

फाईलवर छोटासा बाण होता.

साइज... एक केबी.

प्रत्येक बॅचला पहिल्याच दिवशी ओरडून सांगतो, "बाण दिसला की तो शॉर्टकट. त्यो नुसता पत्ता हाय, घर न्हवं. घर पाडल्यावर पत्ता घेऊन काय करणार?" दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मी पत्ता कॉपी केला होता आणि घर पाडलं होतं.

"लाव की रं, नागसेन," आई म्हणाली. "कवाधरनं बसलोय."

तिला सांगायची माझी छाती झाली नाही. वेळ काढायचा म्हणून क्लिक केलं.

पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज थांबला. खालच्या रिक्षांचाही...

मग स्पीकरमधून कुणीतरी घसा खाकरला.

वंदना सुरू करण्याआधी प्रीती नेहमी असाच घसा साफ करायची.

आईनं माझा हात घट्ट धरला.

वंदना आलीच नाही.

"दादा... मला कुठं ठिवलंयस रं?"

हे तिनं कधीच रेकॉर्ड केलं नव्हतं.

आई रडली नाही. स्पीकरपाशी तोंड नेऊन म्हणाली, "हितंच हाय की गं बाय. ये."

नंतर मी शंभरदा क्लिक केलं. फाईल सापडत नाही, एवढंच स्क्रीनवर येतं.

दुसऱ्या दिवशी वंदना आईनंच म्हटली. प्रत्येक ओळीनंतर थांबत... कुणीतरी मागून म्हणावं म्हणून.

प्रीतीला एकदा तापानं नेलं. दुसऱ्यांदा मी घालवलं.

आई अजून रोज चारला क्लासमध्ये येते. उठताना तेच विचारते, "तिला पत्ता सांगितलास का रं?"



स्पीकरची वायर मी केव्हाच काढून ठेवलीय. तरी चार वाजले की घसा साफ केल्याचा आवाज येतो... आणि मग प्रीती माझ्या उत्तरासाठी थांबते.