चार बोटं आखूड

माझी बॅग त्यानं वजनकाट्याच्या हुकाला अडकवली, आकडा वाचला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी आत दगड भरून आणलेत.

"साडेअकरा किलो! तीन दिवसांसाठी? लग्नाला निघालीयेस का?"

"कुणी बोलावलं तर निघेन की," मी फाडकन म्हणाले... आणि मग माझेच कान तापले.

हे घडलं माझ्या मैत्रिणीच्या घरी. ती आणि तिचा नवरा दर थंडीत डोंगरात जातात, पाठीवर अगदी मोजकं ओझं घेऊन. त्यांचं वेडच असं की टूथब्रशची दांडीसुद्धा अर्धी कापतात. यंदा त्यांनी मला ओढलं होतं, आणि चौथा म्हणून तिच्या नवऱ्याचा हा मित्र. औषधाच्या दुकानात पावडरी तोलून तोलून त्याचं नावच 'तराजू' पडलेलं.

तराजूनं माझा जाड टॉवेल बाहेर काढला. मग दुसरी चादर.

"अहो महाराज, थंडी वाजली तर?"

"वाजली तर सांग," तो म्हणाला. इतकं साधं बोलला मेला, पण दोन दिवस ते माझ्या डोक्यातून जाईना.

मी कपडे दुरुस्तीचं दुकान चालवते. निघायच्या आठवडाभर आधी तो आपली बॅग घेऊन तिथे आला. पट्ट्यांची जास्तीची टोकं काप म्हणाला, चाळीस ग्रॅम वाचतील. मी बॅग त्याच्या पाठीवर चढवली, कमरेचा पट्टा आवळला, माप धरलं. बारा वर्षं लोकांची मापं घेतेय, एकदा घेतलं की पुरे. त्या दिवशी तेच माप दोनदा घेतलं. काचेवर धुकं जमलं होतं, बाहेरची माणसं पुसट, आणि तो श्वास रोखून उभा...

"ट्रिपवरून आलो की सोमवारी मी जातोय," तो एकदम म्हणाला. "दुसऱ्या शहरात स्वतःचं दुकान काढतोय. सहा तासांवर."

मी कात्री चालवली. "वा! छान," म्हणाले. काय छान, कपाळ माझं!

मैत्रिणीला सांगितलं तर ती उखडली. "तीन दिवस मिळतायत तुला. बोल गं बाई, नाहीतर बस नंतर हात चोळत."

डोंगरात पहिले दोन दिवस बोलले नाही. चालताना तो पुढे, मी मागे. बर्फ इतका मऊ की आपलीच पावलं ऐकू येत नव्हती. झाडांवरून बर्फाचा भुगा सांडायचा, उन्हात चमकायचा, आणि तो वळून नुसता हसायचा. मी शब्द जुळवायचे आणि गिळून टाकायचे.

तिसऱ्या दिवशी खिंडीत वारा सुटला. सगळ्यांनी जाड कोट चढवले. तेव्हा मला दिसलं, तराजूच्या बॅगेचा कमरेचा पट्टा उघडाच होता. दोन्ही टोकं त्यानं मुठीत धरली होती आणि ओझं सगळं खांद्यांवर.

"लाव ना तो!"

"पुरत नाही."

मी माप घेतलं होतं ते पातळ शर्टावरून! थंडीत कोटावरून पट्टा बांधणार हे शिवणकाम करणाऱ्या बाईला कळू नये? चार बोटं आखूड कापला होता मी.

"मूग गिळून बसलास का? थांब इथेच!"

मैत्रीण आणि तिचा नवरा पुढच्या खडकापर्यंत गेले. मी माझ्या बॅगेची वरची पट्टी उसवली, सुई ओवली आणि त्याच्यासमोर गुडघ्यावर बसून जोड शिवायला लागले.

"हलू नकोस. टोचेल."

"टोचू दे."

"पट्टा आखूड झालाय हे तुला आजच कळलं, नाही?"

तो हळूच म्हणाला, "गुरुवारीच कळलं होतं. घरी कोट घालून बघितला तेव्हा."

"मग दुकानात का नाही आलास?"

"आलो होतो. दारापर्यंत. दोन फेऱ्या मारल्या समोरून... वाटलं, आत आलो तर पट्ट्याचं सोडून भलतंच बोलून बसेन. आणि मी तर चाललोय. तुला कशाला टांगणीला लावायचं?"

सुई हातातच राहिली. डोळे भरून आले आणि रागही आला, दोन्ही एकदम.

"हे तू एकट्यानंच ठरवलंस? मला विचारायचंस तरी! आवडतोस तू मला. सोमवारी जायचं तर खुशाल जा, पण हे ऐकून जा."

वारा क्षणभर पडला. तो खाली, बर्फात, माझ्यासमोर बसला.

"परत म्हण."

"अजिबात नाही. आता तुझी पाळी."

"आवडतेस," तो म्हणाला. लाजून त्याची मान खाली गेली होती. "फार आवडतेस. दुकान बंद कधी असतं तुझं?"

"रविवारी."

"मग एक रविवार मी येईन."

"आणि पुढचा मी."

लांबून मैत्रिणीनं हाक मारली, "अरे, शिवताय की संसार थाटताय?"

मी शेवटचे टाके घातले, पट्टा नीट बसला, आणि आम्ही उठलो. मी डाव्या हातात हातमोजा चढवला, उजवा मात्र खिशातच ठेवला. त्यानं आपला डाव्या हातातला काढला आणि माझा हात धरला. बोटं गारठून लालबुंद झाली, पण खिंड उतरेपर्यंत दोघांनीही ते मोजे परत चढवले नाहीत.