शिसवी खुर्चीवरचं तेल

बत्ती बारीक कर रं सिद्धू, रॉकेल काय नदीला वाहतंय व्हय? आन् ज्याला भ्या वाटतंय त्येनं आत्ताच घर गाठावं. मागनं मला सोबतीला उठवायचं न्हाई.

कराडचा आकाराम सुतार माझा जुना दोस्त. खोटं बोलायला त्येला येत न्हाई, तसं बोलायलाच येत न्हाई म्हना. त्येच्यावर बेतलेलं हाय हे. गेल्या दिवाळीची गोष्ट. लढाई संपली हुती, पलटणीतली पोरं एकेक करून गावाला येत हुती. कराडजवळच्या हंबीररावांचा सयाजी तेवढा आला न्हाई. मिसरूड फुटतं न फुटतं तवा भरती झाला, आन् तिकडं इटलीत पडला. मढं न्हाई, राख न्हाई. नुसती तार आली. त्येची आई शालूबाई, तिचं रडं काय थांबंना.

ती माहेरी कुंडलला गेली हुती. घर जरा उजळ दिसलं तर तिला बरं वाटंल, म्हणून हंबीररावांनी आकारामला बोलावलं. आज्याच्या वेळची शिसवी आरामखुर्ची हुती, तिला मेण लावायचं.

जुनं मेण उतरवल्याबिगर नवं चढवायचं न्हाई, हा आकारामच्या बापाचा दंडक. त्येनं तारपीनचं फडकं फिरवलं. डोकं टेकायच्या जागी तेलकट काळा डाग हुता, तेवढा निघंना. मग काचकागद घेऊन घासला. लाकूड तिथं फिकं पडलं, पर डाग गेला. मधाच्या पोळ्याचं मेण अळशीच्या तेलात वितळवून त्येनं सगळ्या खुर्चीला चोळलं. हंबीरराव दोनदा येऊन कौतुकानं बगून गेले.

तिनसांजंला शालूबाई गाडीतनं उतरली. खुर्चीपुढं उभी ऱ्हायली. फिक्या जागेवर तिनं तळवा ठेवला.

"दादा, हितं माझ्या सयाजीचं डोकं असायचं," ती म्हणाली. "दर दिवाळीला पयल्या आंघुळीचं तेल लावलं की हितंच टेकून बसायचा. तेवढंच ऱ्हायलं हुतं त्येचं."

आकारामला वाटलं, भुई फाटावी आन् आत जावं. हंबीरराव खाली मान घालून परसात गेले. बाईनं वाद घातला न्हाई. जेवलीबी न्हाई.

दुसऱ्या दिवशी पयली आंघूळ. मेण रातभर मुरू द्यायचं आन् पहाटं लोकरीच्या फडक्यानं घासायचं, म्हणून आकाराम सोप्यातच खुर्चीजवळ आडवा झाला. झोप कुठली लागतीय.

कोंबडं आरवायला अवकाश हुता. खुर्ची वाजली.

कुणी बसावं तशी.

आकारामनं डोळं उघडलं न्हाईत. वास आला. कोमट खोबरेलाचा… मग श्वास. लांबनं चालत आलेल्या माणसाचा.

"सयाजी…?"

श्वास थांबला.

"चुकलं रं पोरा. मला ठावं न्हवतं…"

लय येळानं खुर्ची परत वाजली. मग काहीच न्हाई…

पहाटं शालूबाई कंदील आन् तेलाची वाटी घेऊन आली. वाटी काठोकाठ, आत्ताच चुलीवरनं उतरलेली. पोरगं न्हाई तरी तेल तापवलं हुतं बाईनं. तिनं कंदील वर धरला आन् तिथंच थांबली.

खुर्चीच्या पाठीवर तेलाचा वला डाग हुता. आकारामनं आदी मनाची समजूत घातली, लाकडात मुरलेलं जुनं तेल कवा कवा मेणातनं वर येतं. पर घासलेली फिकी जागा कोरडी हुती. डाग तिच्या वर हुता. चांगला चार बोटं वर.

शालूबाईनं बोट लावलं. बोट तेलानं माखलं.

"वाढलं हुतं पोरगं," ती म्हणाली. "मी बगितलंच न्हाई."