संत्र्याच्या वासाचा ढोल

"दोराचे पुरते तीन वेढे होते. मी मोजले होते," छोटी तिसऱ्यांदा म्हणाली आणि तिसऱ्यांदाही तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

मोठी माणसं पडलेल्या भिंतीभोवती जमली होती. शाळेच्या आवारातल्या जुन्या झाडाची फांदी दोराने अलगद खाली यायची होती, ती धाडकन आली आणि कुंपणाची भिंत घेऊन गेली. शाळेला सुट्टी होती म्हणून कोणाला लागलं नाही. पण तो दोर आत्याच्या हातात होता.

आठ वर्षांची छोटी दिसेल ते मोजायची. तिचा अकरा वर्षांचा भाऊ पाण्याचाही वास घेऊन मगच प्यायचा, म्हणून त्याचं नाव नाक्या. दोघं सुट्टीत आत्याकडे आली होती. आत्याच्या मुलीला सगळे वकील म्हणत, कारण तेरा वर्षांच्या आयुष्यात तिने हरलेला वाद कोणाच्या ऐकिवात नव्हता.

आत्या झाडं उतरवणाऱ्या टोळीत नऊ वर्षं दोर धरत होती. फांदीचा दोर वरच्या कप्पीतून खाली येतो आणि बुंध्याला पट्ट्याने आवळलेल्या जाड लोखंडी नळकांड्याभोवती फिरतो. टोळी त्याला ढोल म्हणते. हलक्या फांदीला एक वेढा, जड फांदीला तीन. दोर ढोलावर घासतो, त्या घासण्यावर वजन पेललं जातं आणि आत्या एका हाताने दोर सोडत राहते. पूर्वी दोर सरळ बुंध्यालाच गुंडाळायचे. पण एका झाडाची साल धरते, दुसऱ्याची सोडते, वर दोरही जळतो, म्हणून टोळीच्या मालकिणीने हा ढोल घेतला होता.

"फांदी हाताने धरायची नसते," आत्या मुलांना सांगायची, "वेढ्यांनी धरायची असते."

टोळीच्या मुकादमाने मात्र निकाल देऊन टाकला की बाईंचं लक्ष नव्हतं, हात सुटला. मालकिणीने भिंतीकडे पाहिलं. उद्या वर्गाच्या छपरावरची मोठी फांदी उतरवायची आहे, तेव्हा दोर मुकादम धरेल आणि आत्या पाला गोळा करेल, असं ती म्हणाली. आत्याने हातमोजे काढले.

घरी आल्यावर ती लाल झालेले तळवे गार पाण्यात बुडवून बसली. वकील तावातावाने तिची बाजू तिलाच पटवत होती. आत्या शेवटी हळूच म्हणाली, "सुटलाही असेल गं हात. नऊ वर्षांत एकदा." आपली आई स्वतःवरच संशय घेते आहे, हे वकिलाला त्या पडलेल्या भिंतीपेक्षा वाईट वाटलं.

नाक्या तेवढ्यात आत्याचे चामडी हातमोजे हुंगत होता. घाम, चीक आणि...

"आत्या, तू आज संत्रं खाल्लंस?"

आत्याने महिनाभरात संत्रं पाहिलंही नव्हतं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

सकाळी आत्याबरोबर तिघंही लवकर आवारात पोचली आणि आत्या पाला गोळा करायला गेली. ट्रकच्या मागे मुकादम एकटाच पाठमोरा बसला होता. मांडीवर ढोल, हातात पिवळं फडकं, आणि घासणं चाललेलं. मुलांची चाहूल लागताच त्याने ढोल पोत्याखाली सरकवला आणि इथे काय काम आहे तुमचं, म्हणून त्यांनाच दरडावलं.

"पुरावा पुसतोय," वकील कुजबुजली.

मुकादम चहाला गेल्याबरोबर पोतं उचललं गेलं. एरवी दोराच्या घासण्याने करडा, खरखरीत असणारा ढोल आज असा गुळगुळीत होता की छोटीला त्यात स्वतःचं नाक दिसलं. नाक्याने आपलं नाक जवळ नेलं. संत्रं! मग तो वास घेत घेत थेट मुकादमाच्या गाडीपाशी गेला. गाडी लखलखत होती आणि मागच्या सीटवर पॉलिशचा डबा होता. डब्यावर संत्र्याचं चित्र होतं.

तेव्हा कुठे उलगडा झाला. टोळीच्या जाहिरातीसाठी आज फोटोग्राफर यायचा होता. म्हणून मुकादमाने परवाच ढोल गाडीच्या पॉलिशने चमकवला होता. काल त्या गुळगुळीत लोखंडावरून दोर घसरून चट्टे उमटले, तर आज त्याने तो पुन्हा चमकवला! नाक्याला पळत जाऊन सांगायचं होतं. वकिलाने त्याची कॉलर धरली. आत्याची मुलगी आणि आत्याची भाचरं साक्ष देणार, म्हणजे उंदराला मांजर साक्ष. हे मुकादमालाच दाखवायला लावायचं.

फोटोग्राफर आला तेव्हा ती अगदी गरीब चेहरा करून मालकिणीकडे गेली. नुसत्या ढोलाचा कसला फोटो, असं तिचं म्हणणं. मुकादमकाका ओंडका एका हाताने पेलताहेत, असा फोटो हवा. मुकादमाची छाती फुगली. ओंडका लटकवायचा त्या जागी पोरांनी भुशाची पोती आधीच रिकामी करून ठेवली होती.

टोळीतल्या चौघांनी ओढून ओंडका कमरेइतका वर घेतला. मुकादमाने ढोलावर दोर फिरवला.

"एक, दोन, तीन," छोटीने मोठ्याने मोजलं.

एक हात दोरावर, दुसरा कमरेवर, मान फोटोग्राफरकडे. चौघांनी दोर सोडला. ढोलावरून दोर सरसरत गेला, ओंडका भुशात रुतला आणि मुकादम पांढरा पडला. यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

"मुकादमकाका," वकिलाने विचारलं, "तुमचं लक्ष नव्हतं का?"

मालकीण पुढे झाली. तिने ढोलावरून बोट फिरवलं, वास घेतला आणि एकदाच गाडीकडे पाहिलं. मुकादमाने मान खाली घातली. ढोल छान दिसावा एवढंच मनात होतं, घसरेल हे डोक्यातच आलं नाही, असं तो पुटपुटला. मग कोणी न सांगता तो आत्यासमोर जाऊन उभा राहिला. "काल तुमच्या माथी मारलं. चुकलो," तो म्हणाला.

ढोल सोड्याने तीनदा धुतला, खरखरीत कागदाने घासला, दोर बदलला. मालकिणीने आत्याला नवे हातमोजे दिले आणि मुलांना म्हणाली, "आज ती फांदी छपरावर कोसळली असती. आम्हा मोठ्यांना जे सुचलं नाही ते तुम्ही केलंत."

आत्याने मोजे चढवले आणि दोर घेऊन ढोलापाशी उभी राहिली. पण दोर फिरवण्याआधी तिने मागे वळून पाहिलं.

"छोटी, इकडे ये. मोज."

छोटीने मोजलं. मोठी फांदी छपरावरून सुटली, हवेत थांबली आणि हळूहळू खाली येऊन गवतावर टेकली.