सरळ नाकाचं जहाज

"मॅडम, हे जहाज तर बुडून राहिलं वो!"

आकांक्षाने वळून पाहिलं. रस्त्याच्या कडेला मोटरसायकल लावून एक तरुण मान वर करून तिच्या इमारतीकडे बघत होता. हसू दाबायचा त्याचा प्रयत्न चालला होता... जमत मात्र नव्हतं.

अकोल्याहून बार्शीटाकळीला जाताना डाव्या हाताला देवमनजींचं मंगल कार्यालय उभं राहत होतं. देवमनजी केटरिंगच्या धंद्यातले. सिंगापूरच्या सहलीत त्यांनी बंदरावर एक भलंमोठं क्रूझ जहाज पाहिलं आणि परत येऊन जाहीर केलं, आपलं कार्यालय अगदी तस्संच पाहिजे! अमरावतीच्या आकांक्षाला आर्किटेक्ट म्हणून स्वतःच्या नावावर मिळालेलं पहिलंच काम हे असं होतं. समुद्र तिने पाहिला होता. असं जहाज मात्र फक्त देवमनजींच्या मोबाईलमध्ये.

"बुडून कसं राहिलं?" तिने कमरेवर हात ठेवून विचारलं.

"खालच्या बाल्कन्या पाहा ना. पान्याच्या इतक्या जवळ कोनी बाल्कनी ठेवत नाही. खाली लहान खिडक्या, त्याच्यावर लाईफबोटींची रांग, मंग बाल्कन्या... मोहोळासारख्या, एकावर एक. अन् तुमी तर बोटी गच्चीवर नेऊन ठेवल्या! लोकं बुडता बुडता जिने चढतीन का?"

"तुम्हाला इतकं कसं माहीत?"

"मी अशाच जहाजावर काम करतो. इलेक्ट्रिशियन."

खरं तर तिला राग यायला हवा होता. पण आकांक्षाची उत्सुकता तिच्या रागापेक्षा नेहमीच दांडगी. तिने हातातला नकाशा उलगडला. "घाईत आहात?"

"सुट्टीवर हाये," तो म्हणाला, आणि आता मात्र मोकळेपणी हसला.

तो बार्शीटाकळीचा पियुष. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. मग तिसऱ्याही. ऊन तापायला लागलं होतं. मजूर स्लॅबवर पाइपाने पाणी मारत, ओल्या सिमेंटचा वास उठे, आणि त्या गारव्यात दोघं विटांच्या ढिगावर बसत. तिचे प्रश्न संपतच नसत.

"इतकं उंच, अठरा-वीस मजली... कलंडत कसं नाही?"

"खाली जड, वर हलकं. इंजिनं, तेलाच्या टाक्या, सगळं तळाशी. वरचे मजले हलक्या धातूचे."

"आणि आत खरंच बाग असते?"

"असते ना. जहाज मधून चिरल्यावानी उघडं, दोहीकडून बाल्कन्या अन् मधात झाडं. खरी झाडं! एक मानूस तर निस्ता त्याइले पानी घालाले ठेवला हाये."

"आणि तुमची खोली कशी आहे?"

"पान्याच्या खाली. खिडकी नाही."

"मग उजाडलं हे कसं कळतं?"

"मोबाईलवर."

"बाल्कनीच्या खोलीत कधी गेलाच नाहीत?"

"गेलो ना. बल्ब बदलाले."

ती खळखळून हसली... आणि मग त्या बिनखिडकीच्या खोलीच्या आठवणीने तिचं हसू ओसरलं. तो तिच्याकडे बघतच राहिला. तेवढ्यात वरून पाइपाचं पाणी उडालं, दोघांच्याही अंगावर. नकाशा वाचवायला दोघांनी एकाच वेळी हात पुढे केले. नकाशा भिजायचा तो भिजलाच. हात मात्र लगेच मागे आले नाहीत.

पण एक दिवस तो आला तेव्हा आकांक्षाचा चेहरा उतरला होता. देवमनजींना जहाजाचं टोक पुढे झुकलेलं हवं होतं, पार रस्त्याच्या दिशेने, आणि खाली एकही खांब नको. "जहाजाले खांब राह्यते का?" असं त्यांचं म्हणणं. तिने तीनदा हिशेब मांडून पाहिला होता. इतका भाग बिनखांबाचा टिकणार नव्हता. खालून वरात जाणार, लहान लेकरं खेळणार. तिने साफ नकार दिला. देवमनजी म्हणाले, मग दुसरा आर्किटेक्ट पाहतो.

"अन् तरी तुमी नाही म्हटलं?" पियुषने विचारलं.

"तरी नाही म्हटलं."

तो तिच्याकडे वेगळ्याच नजरेने बघू लागला. मग त्याने मोबाईल काढला. "हे पाहा. नव्या जहाजाचं नाक असं पुढं झुकलेलं नसते. सरळ, खाली पान्यापर्यंत. लाटेवर आपटत नाही, कापत जाते."

आकांक्षा फोटो निरखत राहिली. सरळ नाक! म्हणजे भिंत थेट जमिनीपर्यंत. खांबाचा प्रश्नच नाही. तिने तिथेच विटेवर कागद टेकवून चित्र काढलं, आणि संध्याकाळी देवमनजींसमोर ठेवलं.

"हे लेटेस्ट हाये?" देवमनजींनी चष्मा वर सारला.

"एकदम लेटेस्ट. सिंगापूरवालं आता जुनं झालं."

"मंग आपलं बी लेटेस्टच पाहिजे!"

बाहेर येऊन ती पियुषला हे सांगणार, तोच त्याचा फोन वाजला. बोलून झाल्यावर त्याने फोन खिशात टाकला.

"जहाजावर बोलावलं. परवा निघा लागते."

"इतक्यात?"

"कोनी आजारी पडलं तिकडं." त्याने किल्ली बोटात फिरवली. "चला, अमरावतीपर्यंत सोडून देतो तुमाले. आज बसनं नका जाऊ."

मूर्तिजापूरला चहा झाला. अमरावतीत घरासमोर तो तसाच परतणार होता, पण आकांक्षाच्या आईने, अनसूयाबाईंनी, दारातूनच हाक मारली, "अहो, पाणी तरी घेऊन जा!"

आत तिचे बाबा बसले होते. उद्धवराव, जिल्हा न्यायालयातले वकील. गेले काही आठवडे लेकीचं दर दुसरं वाक्य 'पियुष म्हणतात' असं सुरू होत होतं, ते त्यांच्या कानातून सुटलं नव्हतं.

"वर्षातून किती महिने घरी असता?" त्यांनी सरळच विचारलं.

"चार. कधी तीनच."

"मग तुमच्याशी लग्न करणारीने बाकीचं वर्ष काय करायचं?"

पियुषने मान खाली घातली. "तेच तर, काका... म्हनून तर मी काही बोललो नाही."

आकांक्षा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. काय बोलायचं ते तिने ठरवलं नव्हतं. पण आवाज निघाला तो अगदी स्वच्छ.

"इमारती बांधायच्या, बाबा. मला कामं मिळत राहतील. आणि संध्याकाळी फोनवर भांडायचं. वाट पाहणं अवघड जाईल, माहिती आहे मला... तरी मला हेच हवेत."

पियुषच्या हातातला पाण्याचा पेला ओठांपाशीच थांबला. कान लालबुंद झाले. उद्धवरावांनी त्याच्याकडे पाहिलं. आता उत्तर त्याने द्यायचं होतं.

"मले बी," तो म्हणाला, आणि मग घाईघाईने, कुणी चुकीचं समजू नये म्हणून, "म्हंजे... मले बी ह्याच पाहिजे."

स्वयंपाकघरात आईला हसू आवरेना. उद्धवरावांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग उठता उठता आत वळून म्हणाले,

"अगं, चार पोळ्या जास्त टाक. पाहुणे जेवून जातील."