पुढचं उजवं चाक

दिवे गेले तेव्हा पावणेदहा झाले होते. जेवणं आटोपली होती, म्हणून मेणबत्ती शोधायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. पेंटरकाका गच्चीच्या जिन्यावर येऊन बसले. त्यांच्या खालच्या पायरीवर त्यांचा पुतण्या आणि त्याच्या खाली त्याची धाकटी बहीण. काकांनी आयुष्यभर गाड्या रंगवल्या. आता हात कापतो म्हणून काम सोडलंय, पण नखांच्या कडेला कुठला ना कुठला रंग अजून सापडतोच.

"काका, भुताची गोष्ट सांगा," पुतणी म्हणाली. "खोटी नको पण."

"खोटी मला येत नाही. खरी एक आहे. पण ती ऐकून घाबरायचं की रडायचं, ते माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही."

"म्हणजे भूत गरीब स्वभावाचं दिसतंय," पुतण्या हसला.

"तू तोंडाला कुलूप लाव आणि ऐक," काका म्हणाले. मग ते सांगू लागले.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. एकोणीस नोव्हेंबर, वार गुरुवार. काकांच्या एका मित्राने त्या संध्याकाळी आपलं दुकान अर्धा तास आधी बंद केलं आणि तो ब्रेक ऑइलचा डबा आणायला गेला. दुकान चष्म्यांचं, म्हणून सगळा गाव त्याला चष्मेवालाच म्हणायचा. डबा पिशवीत घालून तो चालत घरी आला. वाटेत दोघातिघांनी हाक मारली, त्यांच्याशी हसून बोलला. घरी येऊन त्याने सकाळचा भात गरम केला, खाल्ला, ताट धुऊन पालथं घातलं. घरात तो एकटाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता एक माणूस त्याची गाडी घेऊन जायला येणार होता.

ही गाडी म्हणजे त्याचं वेड. दोनच माणसांची, टप मागे पाडला की वरून उघडी होणारी जुनी गाडी. कुणाच्या तरी गोदामात पडली होती, तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या. गाडी कसली, गंजाचा सांगाडा. तो ट्रकवर घालून त्याने घरी आणला आणि मागच्या शेडमध्ये उभा केला. वहिनी, म्हणजे त्याची बायको, बाहेर आल्या, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "आणलीत ना सवत घरात? आणायचीच होती तर दात असलेली तरी आणायची."

सवत म्हणाल्या खऱ्या, पण पुढची नऊ वर्षं त्या सवतीची चाकरी दोघांनी मिळून केली. दर रविवारी. तो पत्रा ठोकायचा, त्या पॉलिश पेपरने घासायच्या. तो नटबोल्ट काढायचा, त्या ते रॉकेलमध्ये धुऊन डब्यांत भरायच्या आणि डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या. लोक रविवारी फिरायला जायचे. ही दोघं काळ्या हातांनी शेडच्या उंबऱ्यावर बसून चहा प्यायची. गाडी झाली की टप पाडायचा आणि पहिल्यांदा नदीच्या रस्त्याने जायचं, असं ठरलं होतं. वहिनींनी त्यासाठी केसांना बांधायचा रुमालसुद्धा घेऊन ठेवला होता.

"मग विकायला का काढली?" पुतणीने विचारलं.

"सांगतो. त्याआधी ब्रेकचं एक काम समजून घ्या, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही."

जुन्या ब्रेकच्या नळ्यांत हवा शिरलेली असते. ती काढल्याशिवाय ब्रेक लागत नाही. त्याला दोन माणसं लागतात. एक गाडीत बसतो, पायाने पेडल दाबतो. दुसरा चाकाशी आडवा पडतो. खालच्याने 'दाब' म्हटलं की वरच्याने दाबायचं. 'धर' म्हटलं की दाबून धरायचं. मग खालचा एक छोटं निपल, म्हणजे तोटीसारखा पोकळ स्क्रू, पान्याने सैल करतो, नळीतून तेल आणि बुडबुडे बाहेर येतात, तो निपल पुन्हा आवळतो. आणि 'सोड' म्हणतो. मगच पाय काढायचा. आधी काढला तर हवा परत आत. पेडल वर आलं की स्प्रिंग वाजते. टक. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करत राहायचं. मधूनमधून वरच्याने पायाजवळच्या भांड्यात नवं तेल ओतायचं. असं चारही चाकांना.

"एकट्यानेही करता येतं की," पुतण्या म्हणाला. "मोबाइलवर दाखवतात."

"येतं. चष्मेवाल्यालाही ठाऊक होतं. पण त्याच्याकडे वहिनी होत्या ना. त्या चप्पल काढून, अनवाणी पायाने दाबायच्या. गुडघा दुखायचा त्यांचा, तरी सांगितल्याशिवाय पाय काढायच्या नाहीत. 'सवतीचे पाय चेपणारी मी एकटीच असेन जगात,' म्हणायच्या."

त्या गुरुवारच्या आदल्या वर्षीचा, ऑक्टोबरातला रविवार. दुपारचे साडेतीन. तीन चाकं झाली होती. राहिलं होतं पुढचं उजवं, म्हणजे बसणाऱ्याच्या दाराजवळचं. चष्मेवाला त्या चाकाशी पडला होता. दाब म्हणाला. धर म्हणाला. निपल आवळलं आणि म्हणाला, सोड.

टक झालं नाही.

"सोड."

नाही झालं.

तो चिडला. "अगं, झोपलीस का? एवढं एक काम सांगितलं, त्यातही लक्ष नाही." आणि रागारागाने तसाच पडून राहिला. एक मिनिट असेल. मग उठला.

पाय पेडलवरच होता. मान मागे टेकलेली होती. त्या गेल्या होत्या.

खाली रस्त्यावरून एक सायकल गेली.

डॉक्टर म्हणाला, क्षणात झालंय, तुम्ही उठला असतात तरी काही फरक पडला नसता. पण चष्मेवाल्याला ते मिनिट काही सोडेना. तो एकदाच काकांजवळ बोलला. "मी तिला रागावलो रे. तिने शेवटचं ऐकलं ते तेच. तिने मला हाक मारली असेल का? निदान खाली माझ्याकडे बघितलं असेल का? की मी चिडलोय म्हणून गप्प राहिली?"

त्याने गाडीवर ताडपत्री घातली आणि शेडला कुलूप लावलं. तेरा महिने. जेवणावरची वासना गेली, दुकानात गिऱ्हाइकाला चुकीचे नंबर जायला लागले. शेवटी मुलगी म्हणाली, "बाबा, ती गाडी दारात आहे तोवर तुम्ही माणसात यायचे नाही. देऊन टाका तिला, आणि माझ्याकडे चला." तो हो म्हणाला. पण शेडपासून रस्त्यापर्यंत चांगला उतार. ब्रेकशिवाय गाडी खाली नेली तर समोरच्याच्या भिंतीत जाणार. मुलगी सकाळी यायची होती, पण तिने आधीच सांगितलं होतं, "बाबा, काहीही सांगा, त्या सीटवर मी बसणार नाही." तिचंही खरंच होतं. मग त्याने ठरवलं, एकट्यानेच करू.

रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी त्याने शेड उघडली.

दिवा लावला. ताडपत्रीवर बोटभर धूळ होती. ती सगळी काढून टाकायचा त्याला धीर झाला नाही. त्याने पुढच्या उजव्या चाकापुरतं तिचं टोक वर केलं आणि दोरीने बांधलं. चाक तेव्हाच काढून ठेवलेलं होतं, गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, उभी होती. नव्या तेलाचा डबा त्याने दाराखालच्या पायदानावर ठेवला. निपलला नळी लावली, नळीचं दुसरं टोक बाटलीत सोडलं. आधी निपल हलतंय का बघू, मग आत बसून पेडल दाबू, असा त्याचा विचार. तो फरशीवर आडवा झाला. पाना लावला.

आणि नऊ वर्षांची सवय... तोंडातून शब्द गेला.

"दाब."

तो स्वतःशीच कसनुसा हसला. डोळे पुसले. मग पाना फिरवला.

नळीतून तेल आलं. जोराने आलं. बुडबुड्यांसकट.

असं होतं कधीकधी, त्याने स्वतःला समजावलं. तेल वर असतं, चाक खाली, आपोआप उतरतं. त्याने निपल आवळलं. कान दिले. शेडमध्ये काही आवाज नव्हता. बाहेर एक कुत्रं भुंकत होतं, तेही थांबलं.

मग तो म्हणाला. अगदी हळू.

"सोड."

टक.

"काका..." पुतणी एक पायरी वर सरकली.

"भिऊ नकोस. तोही भ्यायला नाही. म्हणजे, भ्यायला... पण उठून पळाला नाही. मला म्हणाला, पळायला पाय होते, पण जायचं कुणापासून?"

त्याने पुन्हा म्हटलं. दाब. पेडल खाली गेल्याचा आवाज आला. तो जुना, जरासा कुरकुरणारा. धर. तेल आलं, बुडबुडे आले. सोड. टक.

पाच वेळा झालं. पाच वेळांनंतर भांड्यात तेल ओतायचं, हा त्यांचा नियम. त्याने सवयीने पायदानाकडे हात नेला.

डबा तिथे नव्हता.

ताडपत्रीच्या आत, वर, तेल ओतल्याचा आवाज आला. गुळगुळ... गुळगुळ... मग झाकण लावल्याचा.

तो नुसता पडून राहिला. डोळ्यांतलं पाणी कानात उतरत होतं. हात पान्यावर होता.

दाब. धर. सोड. टक.

बुडबुडे कमी होऊ लागले. आधी मोठे, मग मोहरीएवढे. मग एखादाच. आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. बुडबुडे थांबले, की काम संपलं. काम संपलं, की...

त्याने घाई सोडली. पाना अगदी हळू फिरवायला लागला. पण तेल काही त्याचं ऐकणारं नव्हतं. साडेबाराच्या सुमारास नळीत नुसतं स्वच्छ तेल आलं. एकही बुडबुडा नाही.

त्याने निपल आवळलं. एकच शब्द म्हणायचा राहिला.

तो म्हणाला नाही.

पेडल दाबलेलंच राहिलं. वर ती होती. जोवर तो सांगत नाही, तोवर ती पाय काढणार नव्हती. त्याला ते पक्कं ठाऊक होतं.

फरशी गार होती. पाठ बधिर झाली. तो वर बघून बोलला, "त्या दिवशी मी उगाच रागावलो गं."

उत्तर नाही.

"मला कळलं नाही. मला खरंच कळलं नाही."

उत्तर नाही. फक्त कुणीतरी असल्याचं ते... आपल्या माणसाचं नुसतं असणं असतं ना घरात, पलीकडच्या खोलीत... तेवढंच.

ताडपत्री हाताच्या अंतरावर होती. त्याने तिचं टोक धरलं. उचललं की झालं. पण हात उचलेना. आत बघितलं आणि कुणीच नसलं तर?

किती वेळ गेला, त्याला सांगता आलं नाही. दूरच्या घड्याळाचे दोन टोले पडले एवढं आठवतं. आणि मग एकदम त्याला वाटलं... हिचा गुडघा दुखत असेल. दीड तास झाला. ही बसलीय पाय दाबून, मी सांगेन म्हणून.

त्याने टोक सोडून दिलं. त्या रविवारी जे ओरडून म्हणाला होता, तेच आता म्हणाला. पण लहान मुलाला उठवताना म्हणावं तसं.

"झालं हं काम. सोड."

थोडा वेळ काहीच नाही.

मग टक.

काका थांबले. पुतण्याने विचारलं, "मग?"

"मग काय... सकाळी आठला मी गेलो. गाडीवर शेवटचा हात फिरवायला त्याने मला बोलावलं होतं. तो उंबऱ्यावर बसलेला. रात्रीचं सगळं मला सांगितलं, आणि म्हणाला, आता तू ताडपत्री काढ, माझ्याने होत नाही. मी आधी धूळ बघितली. त्याने बांधलेलं टोक सोडलं तर बाकी सगळी जशीच्या तशी. मांजर गेल्याचीसुद्धा खूण नाही. मग ओढली. डबा सीटवर होता, अर्धा रिकामा. ब्रेक दाबून बघितला. दगडासारखा घट्ट."

"आणि गाडी? नेली त्या माणसाने?"

"आला होता. चष्मेवाल्याने हात जोडले आणि परत पाठवला. मुलगी रागावली थोडी, मग तीही बघून आली आणि गप्प बसली."

"काय बघून?"

काकांनी जिन्याच्या कठड्यावर हात ठेवला. चार बोटं बाहेरच्या बाजूला, अंगठा आत.

"ब्रेकचं तेल रंगाचं वैरी असतं. थेंब लागला की रंग फुगतो आणि सालासारखा सुटून येतो. त्या गाडीच्या दाराला रंग मी दिला होता, माझ्या हातचा, आरशासारखा. त्या दाराच्या वरच्या कडेवर रंग उठलेला होता. असा. चार बोटं आणि एक अंगठा. हात लहान, बाईमाणसाचा. जुना डाग असता तर कडा सुकून उडाल्या असत्या. या ओल्या होत्या. मी घासलं, प्रायमर मारला, पुन्हा रंग दिला. आठ दिवसांत तिथेच उठला. तीनदा दिला. तीनदा उठला. मग तोच म्हणाला, राहू दे."

"गाडीतून उतरताना धरलं असेल दार," पुतणी अगदी हळू म्हणाली.

"मलाही आधी तसंच वाटलं. म्हणून मी आत बसून बघितलं. उतरणारा माणूस दाराला तळवा टेकतो. बोटं अशी बाहेर वळून धरत नाही." काकांनी कठडा घट्ट धरला आणि अंधारात कमरेतून पुढे झुकले, खालच्या पायरीकडे बघत. "हात असा लागतो तो फक्त बाहेर वाकून, चाकाशी पडलेल्या माणसाकडे बघताना."