ओळीच्या शेवटचा पहारेकरी

पाऊस आला म्हणून ओर्सोला एका दुकानाच्या ताडपत्रीखाली शिरली. इटलीतल्या अरेत्सोचा जुन्या वस्तूंचा बाजार, महिन्याचा पहिला रविवार. एरवी ती इतक्या सहज कुठे थांबत नसे.

फळीवर चर्मपत्राचं एक मोठं पान होतं. मठातल्या गायकांच्या जुन्या पोथीतलं. लाल रेघा, त्यांवर काळे चौकोनी सूर. तिने ते उजेडासमोर धरलं. एक बाजू पिवळसर, कातड्याची बारीक छिद्रं दिसणारी. खालचा कोपरा पानं उलटणाऱ्या बोटांनी काळवंडलेला. सोनं नाही, नक्षी नाही. म्हणजे विकण्यासाठी कुणी मागाहून नटवलेलं नाही. आणि कडेला किड्याने पाडलेली तीन भोकं... तिच्या घरी अशाच तीन भोकांचं एक पान होतं. त्याच्या पुढचं पान ती नऊ वर्षं शोधत होती.

आवडलेली वस्तू हातात आली की तोंड वाकडं करायचं, हा संग्राहकांचा पहिला धडा. ओर्सोला मात्र पान पाहून गुणगुणली.

"संपलं!" विक्रेता हसला. लापो त्याचं नाव, केस भिजलेले. "आता दुप्पट सांगू की तिप्पट?"

"मळकं आहे," ती घाईने म्हणाली.

"हो ना. किती सुरेल मळ!"

मग का कोण जाणे, तिने खरं सांगून टाकलं.

"घेऊन या ते पान पुढच्या महिन्यात," तो म्हणाला. "लागून निघालं तर हे फुकट. जोडी मोडायचं पाप मला नको. नाही निघालं, तर—"

"तर?"

"तर तुम्ही पुन्हा कशाला दिसताय!"

पुढच्या महिन्यात ऊन होतं. दोघांनी पानं एकावर एक धरली. भोकांतून उजेड आला. लापोच्या मनगटावर तीन ठिपके पडले.

"जुळलं," तो म्हणाला. "न्या."

ओर्सोलाने आपल्या पानाची शेवटची ओळ पाहिली. जुने लेखनिक ओळीच्या शेवटी एक इवलीशी खूण करत, पुढच्या ओळीचा पहिला सूर सांगणारी. त्या खुणेला पहारेकरी म्हणतात. तिच्या पानावरचा शेवटचा पहारेकरी वरचा सूर सांगत होता. लापोचं पान खालच्या सुरावर सुरू होत होतं. भोकं सांगत होती ते एवढंच, की पोथी एक. न बोलता पान घेऊन निघता आलं असतं.

"नाही जुळत," ती म्हणाली. "मध्ये एक पान हरवलंय. हा पहारेकरी बघ."

"मघाच पाहिला."

"म्हणजे? तुला वाचता येतं हे?"

"आजोबा चर्चमध्ये गायचे. कान पिळून शिकवलंय."

"मग 'न्या' कशाला म्हणालास?"

लापो फळीकडे बघत राहिला. "आभार मानायला तरी... पुन्हा आली असतीस."

ती हसली नाही. पण गेलीही नाही.

"मधलं पान शोधायला हवं," तो म्हणाला. "एकटीला नऊ वर्षं. दोघांना किती लागतील?"

"जास्तच," ओर्सोला म्हणाली. "बोलण्यात वेळ जाईल."

लापोने दोन्ही पानं तिच्या पुठ्ठ्याच्या पाकिटात ठेवली, आणि त्यांच्यामध्ये एक कोरा कागद सरकवला.