एक नव्हे, लाभ
शिवकन्येनं गावच्या सोसायटीच्या रिकाम्या गोदामात पाऊल ठेवलं आणि कानाशी कुणीतरी हळूच म्हणालं, "लाभ..."

ती गर्रकन वळली. मागे दारात तरुण सेक्रेटरी भारत उभा होता, पण चांगला दहा हात लांब. हातात किल्ल्या, ओठांत हसू.

"तुम्ही बोललात?"

"न्हाई. आप्पा आसतील. माझे वडील. हितं धान्य मापनारे मापाडी होते."

"होते म्हणजे?"

"वारले. पन मापायची सवय सुटंना त्यांची."

चेष्टा करतोय मेला, असं तिनं ठरवून टाकलं. पण अंगावरचा काटा काही बसेना.

ती गावच्या शाळेतली शिक्षिका, आली होती धान्याची मापं मागायला. दुष्काळानं निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं, मागे उरलेली पोरं गणित म्हटलं की शाळेच्या मागच्या भिंतीवरून उड्या टाकायची. तिनं त्यांना गोदामातच बसवलं, हातात शेर नि पायली दिली, पुढ्यात वाळूचा ढीग. चार शेर ओतले की पायली भरते, आणि चारचा पाढा बोटांत आपसूक उतरतो! आठवडाभरात पोरं शेरासाठी भांडायला लागली. एकच खोड राहिली. मापताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायची गावची रीत. पोरं शाळेतली मोजणीही तशीच सुरू करायची.

"लाभ नाही रे, एक म्हणा," ती दटावायची. पोरं गप्प व्हायची... आणि अंधाऱ्या कोपऱ्यातून तेवढा एक म्हातारा आवाज यायचा, "लाभ..."

पोरं खुदुखुदू हसत. ती मात्र भारतकडे बघायची. कुलूप उघडून झालं तरी हा इथंच घुटमळतो, मग बघायचं कुठं?

"तुमचं गनित कच्चं हाय, म्याडम."

"ते कसं?"

"येकावरच अडलाय तुमी."

"मग दोन कोण?"

तो किल्ल्यांशी चाळा करत राहिला. कान मात्र लालभडक झाले.

आणि मग तिनं कधीची मागितलेली अंबाजोगाईची बदली आली. नकार कळवायचा तर आजच. त्यानं एकदा 'राहा' म्हणावं म्हणून तिचा जीव तुटत होता, आणि हा बाबा मुकाट मापं मोजून घेत होता.

"निघते मी."

"आडवनारा मी कोन?"

ती चिडून दाराकडे गेली. एक पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं. बाहेर रणरणतं ऊन, पाठीला मात्र गार वारा लागला, नि मागून तोच आवाज आला... थकलेला, नाइलाजाचा.

"ए..."

"थांबा," भारत एकदम म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आप्पा 'येक' म्हनाया लागले. भाईर जानाऱ्या मापालाच ते 'येक' म्हनायचे. घरात येनाऱ्याला 'लाभ'."

"मग मी पहिल्यांदा आत आले तेव्हा..."

"म्या बी ऐकलं हुतं. तवापास्नं झोप न्हाई मला. तुमी हसचाल म्हनून बोललो न्हाई... जाऊ नगा, शिवकन्या."

ती हसली नाही. बाहेर गेलेलं पाऊल तिनं हळूच आत घेतलं आणि त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली,

"लाभ."

कोपऱ्यातून समाधानाचा सुस्कारा आला.

"दोन..."